चार मिनिटांचा व्हिडिओ, चाळीस मिनिटांचा तास: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेचं प्रकरण

शाळा आणि साहित्य

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रस पट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, पट 34, शिक्षक दोन. गावठाण आणि त्याला लागून असलेला बंजारा तांडा, दोन्हीकडची मुलं इथं येतात. गावातली मुलं घरी वऱ्हाडी बोलतात, तांड्यावरची गोरमाटी. पहिली-दुसरी प्रभारी मुख्याध्यापक सरांकडे. तिसरी-चौथीची 19 मुलं शेजारच्या खोलीत मॅडमकडे. शाळेचं आणि गावाचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही.

तिसरी-चौथीच्या खोलीत 43 इंची एलईडी टीव्ही आहे. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची लाट आली. त्या लाटेत आलेला टीव्ही बिघडल्यावर त्याच्या जागी हा घेतला. सोबत आठ इंची दोन टॅब, एक इन्व्हर्टर, 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि मॅडमचा स्वतःचा फोन. शाळेत इंटरनेट नाही. फोनला धड रेंज मिळते ती फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली. खोलीत आलं की तुटक होते.

अडचण कुठं होती

टीव्ही रोज दीड-दोन तास चालायचा. मुलं शांत बसायची, भेटीला येणाऱ्यांना चित्र छान दिसायचं. पण पाण्याच्या वाफेवरचा व्हिडिओ पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी विचारलं, तर मुलांना ढगाचं तोंड हसरं होतं हे आठवायचं, गाण्याची चाल आठवायची. ओले कपडे वाळले तेव्हा त्यातलं पाणी कुठं गेलं, या प्रश्नावर वर्ग गप्प.

कारणं चार निघाली आणि त्यातली पहिली सगळ्यांत जड होती. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला, मतदार यादीच्या कामाला किंवा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. अशा दिवशी टीव्ही राखणदाराचं काम करायचा. मुलांना तीच सवय लागली: टीव्ही लागला म्हणजे आता कुणी काही विचारणार नाही.

दुसरं कारण व्हिडिओंची लांबी. बारा, पंधरा, वीस मिनिटांचे व्हिडिओ एका दमात लागायचे. निवेदनातली मराठी भराभर बोललेली, शहरी वळणाची. तांड्यावरच्या मुलाला एका वाक्याचा अर्थ लागेपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून जायची. तिसरं, टीव्ही ठेकेदाराने चोरीच्या धाकाने भिंतीवर सात फुटांवर ठोकला होता आणि समोरच्या खिडकीचा उजेड सरळ पडद्यावर यायचा. चौथं, व्हिडिओ फोनच्या हॉटस्पॉटवरून थेट चालवले जायचे: मध्येच गोल फिरायचं, जाहिरात लागायची, आणि एक संपला की आपोआप भलताच काहीतरी सुरू व्हायचा.

जागा, आवाज, वीज

पहिला बदल सुतारकामाचा होता. मुलं सतरंजीवर बसतात. आठ-नऊ वर्षांचं मूल मांडी घालून बसलं की त्याची नजर जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असते. टीव्हीची खालची कड सात फुटांवर असेल तर पुढच्या रांगेतलं मूल मान मागे टाकून बसतं आणि दहा मिनिटांत चुळबुळ करू लागतं. टीव्ही खिडकीच्याच भिंतीवर आणला, म्हणजे उजेड पडद्याच्या मागून यायला लागला, आणि खालची कड तीन फुटांवर ठेवली. चोरीचा प्रश्न लोखंडी पट्टी आणि कुलपाने सुटला. पूर्ण पेटीत बंद केलेला टीव्ही मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकत नाही. बहुतेक टीव्ही 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत, त्यातही बंद पेटीत, पारा याच्या वर सहज जातो. म्हणून मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत टीव्ही नऊच्या आत लागतो, नंतर नाही.

पडद्यावर काय वाचता येईल याचंही गणित आहे. शेवटची रांग टीव्हीपासून पाच मीटरवर. एवढ्या अंतरावरून आरामात वाचायला अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर हवी. 43 इंची पडद्याची उंची जेमतेम 53 सेंटिमीटर. वेलांटी, उकार, रफार यांना वर-खाली जागा सोडली तर सहा ओळींच्या वर मजकूर बसतच नाही. पाठ्यपुस्तकाचं पान जसंच्या तसं पडद्यावर टाकणं म्हणूनच वाया जातं. पान हातात असतंच. पडद्यावर त्यातला एक शब्द किंवा एक चित्र मोठं करून यावं.

आवाजाचं दुखणं टीव्हीच्या पाठीमागे असतं. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटतो, आणि पत्र्याच्या छपराखाली त्याचा घुमारा होतो. वीस वॅटचा साधा स्पीकर मुलांकडे तोंड करून त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवला, तेव्हा ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू यायला लागले. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की कोणताच स्पीकर पुरत नाही. त्या वेळी आवाज बंद करून फक्त चित्र दाखवावं.

विजेचा हिशेब केला तर शाळेकडे गरजेपेक्षा जास्तच होतं. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, शिवाय इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जाते. हाती 700 वॅट-तासांच्या आसपास उरतात. टीव्ही आणि स्पीकर मिळून शंभर वॅट धरले तर हे सात तास झाले. नव्या पद्धतीत टीव्ही दिवसाला अर्धा-पाऊण तास लागतो. तरी बॅटरी उतरायची, कारण त्याच लाइनवर दोन पंखे आणि कार्यालयातला ट्यूबलाइट होता. ते वेगळे काढले. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, बोअरचं पाणी कधीच नाही, आणि मार्च ते जून दर महिन्याला पातळी बघायची. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बॅटरी कोरडी पडलेली असणं हे विदर्भातल्या शाळांचं नेहमीचं दुखणं आहे. इथं सुटी मोठी, शाळा इतर महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मधल्या काळात कुलूप उघडायला कुणी येत नाही.

दोन सवयी फुकटच्या आहेत. आभाळ गडगडायला लागलं की स्विच बंद करून थांबायचं नाही, प्लग भिंतीतून उपटायचा. वीज पडल्यावर स्विच काही अडवत नाही. आणि टॅब सुटीत ठेवताना निम्मे चार्ज करून, बंद करून, लोखंडी कपाटाऐवजी मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवायचे. पूर्ण चार्ज करून तापलेल्या कपाटात ठेवलेल्या टॅबची बॅटरी फुगते आणि काच वर येते.

खर्चाचं सांगायचं तर समग्र शिक्षा अभियानातलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वीजबिलही यातूनच. पट 34 आहे तोवर ठीक. चार मुलं कमी झाली की अनुदान निम्म्याहून खाली येतं. म्हणून महिन्याला रिचार्ज लागेल अशी कोणतीही गोष्ट या शाळेच्या नियोजनात ठेवली नाही.

फाइल आधी, तास नंतर

इंटरनेट नसलेल्या शाळेत शिकवण्याची निम्मी तयारी आदल्या संध्याकाळी होते. दीक्षा या शालेय अभ्यासाच्या सरकारी अ‍ॅपमधला घटक फोनवर उतरवून ठेवता येतो आणि नंतर नेटशिवाय चालतो. पुस्तकातला क्यूआर कोड शाईने पुसट झाला असेल तर त्याखालचा सहा अक्षरी कोड टाइप केला तरी तेच उघडतं. हे बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेला व्हिडिओ मात्र त्याच अ‍ॅपमध्ये चालतो, पेन ड्राइव्हवर जात नाही. तो टीव्हीवर न्यायचा तर फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकावी लागते. टीव्हीत मिराकास्ट, म्हणजे फोनची स्क्रीन बिनतारी दाखवायची सोय, असेल तर त्याला इंटरनेट लागत नाही. केबलने जोडायचं असेल तर आधी फोन तपासावा. स्वस्त फोनचं टाइप-सी तोंड पुष्कळदा फक्त चार्जिंगचं आणि डेटाचं असतं, त्यातून चित्र बाहेर येत नाही.

पेन ड्राइव्हवर फाइल ठेवताना एमपी-फोर आणि एच 264 हा प्रकार धरला की जुना-नवा बहुतेक कोणताही टीव्ही ती वाजवतो. आवाज येतो आणि पडदा काळा, असं झालं तर फाइल बहुधा एच 265 मधली असते. चित्राची स्पष्टता (रिझोल्यूशन) 480 असली तरी पुरतं. पडद्यावर अक्षरं असतील तर 720 घ्यावं, नाहीतर ‘र्‍या’ आणि ‘ऱ्हा’ धुरकट दिसतात आणि वाचायला शिकणाऱ्या मुलाचं नुकसान होतं. फाइलच्या नावात आकडे ठेवावेत: इयत्ता, घटक क्रमांक, क्रम. काही टीव्हींना मराठी अक्षरं कळत नाहीत, नावाच्या जागी चौकोन दिसतात, आणि योग्य फाइल शोधण्यात तासातली पाच मिनिटं जातात.

चार मिनिटं आणि त्याभोवतीचा तास

नियम एकच ठरला: एका तासाला जास्तीत जास्त चार मिनिटांचा तुकडा. लांब व्हिडिओतला हवा तेवढाच भाग घ्यायचा. त्याची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदात टाचणवहीत (पाठाच्या तयारीच्या वहीत) लिहायचा, सोबत थांबायच्या तीन जागाही.

तास असा चालतो. टीव्ही लावण्याआधी फळ्यावर एक प्रश्न आणि मुलांचे अंदाज, जसे येतील तसे. मग तुकडा एकदा आवाज बंद करून. मुलं जे दिसतं ते बोलतात, ज्याच्या त्याच्या भाषेत. वऱ्हाडी, गोरमाटी, सगळं चालतं. यात वेळ जातो आणि तो जाऊ द्यायचा. मूल स्वतःच्या भाषेत ‘हे असं होऊन रायलं’ म्हणतं तेव्हा त्याने चित्रातलं कार्यकारण पकडलेलं असतं. आता त्याला फक्त पुस्तकी शब्द हवा असतो. दुसऱ्यांदा तोच तुकडा आवाजासह, तीन ठिकाणी थांबवून. बाष्पीभवन हा शब्द या वेळी कानावर पडतो, पण तो ज्याला चिकटवायचा ती गोष्ट आधीच मनात असते. मग टीव्ही बंद. पडदा काळा झाल्यावर वहीत चित्र आणि दोन वाक्यं. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं, टीव्ही न लावता, कालचं सांगायचं.

तिसरी-चौथी एकत्र असल्याने आणखी एक सोय करावी लागली. चौथीची मुलं बाहेर ओट्यावर टॅबसह गटाने काम करतात तेव्हा आत तिसरीला टीव्ही. वीस मिनिटांनी अदलाबदल. टॅब दोनच, म्हणून टॅबवर कधीच एकेकटं मूल बसत नाही, तिघांत एक. एक चालवतो, एक वाचतो, एक वहीत लिहितो, आणि दर प्रश्नाला जागा बदलतात. जागा बदलण्याची सक्ती केली नाही तर टॅब सतत एकाच मुलाच्या, बहुधा मोठ्या मुलाच्या हातात राहतो आणि मुली नुसत्या बघत बसतात.

एक शिक्षक रजेवर किंवा कामावर असेल त्या दिवशी टीव्ही लागतच नाही. हा नियम सगळ्यांत कठीण गेला आणि सगळ्यांत उपयोगी ठरला. त्या दिवसांसाठी छापील कार्डांचा एक डबा तयार आहे: वाचनाची, बेरीज-वजाबाकीची, चित्र बघून लिहायची. मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवायचं. टीव्ही म्हणजे सुटी, ही सवय यामुळेच मोडली.

नकाशाचा घटक: जवळून

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात दिशा आणि नकाशा येतात. मुलं पुस्तकातला नकाशा रंगवतात, ‘वर उत्तर’ पाठ करतात, आणि उत्तर कुठं म्हटलं की बोट छताकडे जातं. भिंतीवरच्या टीव्हीने ही चूक पक्की होते, कारण पडद्याचं ‘वर’ खरोखरच छताकडे असतं.

गूगल अर्थवरून गावाची तीन उपग्रह चित्रं तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर काढली: शाळा आणि मैदान, गावठाण आणि तांडा, आणि नाल्यासह सगळं शिवार. गूगल मॅप्स नेटशिवाय वापरता येतं, पण त्यात उपग्रह चित्र उतरत नाही, म्हणून चित्रच जतन करून आणावं लागतं. इस्रोच्या भुवन पोर्टलवरही चित्रं मिळतात. चित्राखालची श्रेयाची ओळ कापायची नाही. मधलं चित्र झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आकारात रंगीत छापून घेतलं.

टीव्ही आधी लागला नाही. छापील चित्र वऱ्हांड्यात जमिनीवर ठेवलं. सकाळच्या सूर्याकडे हात करून मुलांनी पूर्व ठरवली, त्यावरून उत्तर, आणि कागद फिरवून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावली. फोनचं होकायंत्र पडताळणीला घेतलं. ते लोखंडी बाकाजवळ किंवा कपाटाजवळ चुकतं. फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून, लोखंडापासून चार पावलं दूर जाऊन बघायचं.

आता शोधाशोध. शाळेचं लांब छप्पर पटकन सापडलं. मारोतीचं देऊळ कळसामुळे सापडेल असं वाटलं होतं, पण वरून कळस दिसत नाही; ते पाराच्या गोल कठड्यावरून ओळखू आलं. तांड्यावरच्या मुलांनी सेवालाल महाराजांचं देऊळ आधी शोधलं आणि तिथून घरं मोजत आपापल्या घरापर्यंत आली. एक मुलगी अडून बसली, “मॅडम, आमची इहीर त दिसूनच नाही रायली.” विहीर मागच्या वर्षी खोदलेली, चित्र त्याआधीचं. नाला कोरडा दिसत होता, म्हणजे चित्र उन्हाळ्यातलं, हे मुलांनीच ताडलं. शेतं मातकट, कुठंच कपाशीचा हिरवा पट्टा नाही, हा दुसरा पुरावाही त्यांनीच काढला. चित्र कधीचं आहे हा प्रश्न विचारायला शिकणं ही या घटकातली मोठी कमाई. इंटरनेटवरच्या कोणत्याही चित्राला हा प्रश्न पुढे विचारता येतो.

मग प्रमाण. शाळेच्या फाटकापासून मारोतीच्या देवळापर्यंतचा रस्ता सरळ आहे. 20 मीटरचा दोर घेऊन मुलांनी तो मोजला: नऊ दोर, म्हणजे 180 मीटर. कागदावर तेच अंतर पट्टीने 9 सेंटिमीटर. म्हणजे 1 सेंटिमीटरला 20 मीटर, एका सेंटिमीटरला एक दोर. दोराची लांबी मुद्दाम 20 मीटर घेऊन आणि छपाईच्या वेळी चित्र तेवढंच लहान-मोठं करून हा हिशेब सोपा ठेवला होता. आधी गावात अंतर मोजून मगच छापायला दिलं. तिसरीच्या मुलांना भागाकाराच्या खटाटोपात नकाशा हरवू द्यायचा नव्हता.

पुढचा प्रश्न: शाळेपासून तांड्याच्या हातपंपापर्यंत किती? पट्टीने 17 सेंटिमीटर, म्हणजे 340 मीटर. सगळ्यांनी वहीत लिहिलं. दोर घेऊन चालत गेले तर 21 दोर, म्हणजे 420 मीटर. वर्गात गोंधळ उडाला. कुणी दोर ढिला धरला म्हणालं, कुणी पट्टी वाकडी. उत्तर कागदावरच होतं: रस्ता नाल्याच्या कडेने वळसा घेतो. सुतळीचा तुकडा रस्त्याच्या वळणावरून कागदावर अंथरला, मग ताणून पट्टीवर धरला, 21 सेंटिमीटर भरला. सरळ अंतर आणि वाटेचं अंतर यातला फरक असा हातात आला.

टीव्ही यानंतर लागला, आणि तेव्हा त्याचा उपयोग झाला. पडद्यावर तेच चित्र, मग शिवाराचं, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं, अशी लांब-लांब जाणारी चित्रं. आपलं गाव लहान होत होत ठिपका होतं हे एका कागदावर दाखवता येत नाही. पडदा ते दाखवतो. शेवटी शेजारच्या, मुलांनी न पाहिलेल्या गावाचं चित्र दिलं आणि शाळा, नाला, मुख्य रस्ता ओळखायला सांगितलं. मूल्यमापन तेवढंच. बहुतेकांनी शाळा मैदानावरून ओळखली; सर्वांत जास्त चुका नाला आणि बैलगाडीची वाट यांत झाल्या, कारण उन्हाळी चित्रात दोन्ही पांढरट रेघाच दिसतात. त्यावर एक पूर्ण तास आणखी दिला.

मुलांचा आवाज हे साधन

टीव्हीवर एवढा खर्च होतो, पण या वर्गात वाचनासाठी सगळ्यांत उपयोगी पडलं ते फोनमधलं आवाज ध्वनिमुद्रित करायचं अ‍ॅप. ते प्रत्येक फोनमध्ये असतं आणि फुकट असतं.

पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक मूल एक मिनिट अनोळखी उतारा वाचतं. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, समोर न धरता थोडा बाजूला, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ च्या फुंकरीने आवाज फाटतो. पंखा बंद. मागे पुस्तकांची मांडणी किंवा सतरंजीची घडी असेल तर घुमत नाही. फाइलचं नाव तारीख आणि हजेरी क्रमांक. मुलाचं नाव लिहायचं नाही. साध्या दर्जाची एक मिनिटाची फाइल अर्धा ते एक एमबी भरते. वर्षभराचा साठा पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो.

खरं काम नंतर सुरू होतं. मूल स्वतःचं वाचन ऐकतं, समोर तोच उतारा, आणि जिथं अडलं तिथं पेन्सिलने खूण करतं. शिक्षिकेने दाखवलेली चूक मूल ऐकून सोडतं. स्वतःच्या कानाने पकडलेली चूक पुढच्या वेळी बहुधा होत नाही. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात, जे 5 जुलै 2021 ला सुरू झालं, तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचण्याचं लक्ष्य आहे. त्यातला ‘अर्थ समजून’ हा भाग विसरला की मुलं रेल्वेगाडीसारखी वाचतात. म्हणून मोजणी झाली की त्याच उताऱ्यावर दोन प्रश्न, आणि उत्तर बोलीत दिलं तरी बरोबर धरायचं. ‘त्याले भूक लागली होती म्हणून’ हे उत्तर पूर्ण आहे. तोंडी उत्तर ऐकताना तिथं ‘त्याला’ करत बसायचं नाही; लेखनाच्या तासाला तो बदल शिकवायचा.

दुसरा वापर गोष्टींचा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत, पीडीएफ उतरवता येतात, आणि परवाना खुला असल्याने श्रेय देऊन भाषांतर किंवा बदल करता येतो. चित्रं टीव्हीवर लावून तांड्यावरच्या मुलांनी तीच गोष्ट गोरमाटीत सांगितली, ती ध्वनिमुद्रित केली, आणि पहिलीच्या वर्गात सरांनी ती ऐकवली. पहिलीत नव्याने आलेलं, दोन महिने एक शब्द न बोललेलं मूल ‘याडी’ हा शब्द स्पीकरवर ऐकून उठून पुढे आलं आणि चित्रातली आई दाखवू लागलं. आपली बोली शाळेत चालते हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

घरी काय पोहोचतं

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर व्हिडिओ पाठवणं बंद केलं. घरातला स्मार्टफोन एकच, तो दिवसभर वावरात, आणि संध्याकाळी रोजचा डेटा संपलेला. त्याऐवजी एका मिनिटाचा आवाजी निरोप संध्याकाळी साडेसातच्या सुमारास: आज काय झालं, मुलाला कोणता एक प्रश्न विचारावा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला घरची मोठी माणसं सकाळीच निघतात आणि लहान भावंडांना सांभाळायला तिसरी-चौथीची मुलं घरी राहतात. त्या दिवसांत हा निरोप शाळेचा धागा तुटू देत नाही. गैरहजेरी त्याने भरून निघत नाही, हेही मॅडमनी पालकसभेत स्पष्ट सांगितलं.

मुलांचे फोटो आणि आवाज गटावर टाकण्यावर बंदी आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागितली आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हे मांडून साध्या मराठीत एक पानाचं संमतीपत्र केलं, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलांचं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी ऐकून पुसलं जातं.

जे जमलं नाही

गणितात पडद्याने काही केलं नाही. हातच्याची वजाबाकी व्हिडिओत बघताना मुलं माना डोलावतात आणि वहीत 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहितात, कारण मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायची सवय जात नाही. ती काड्यांचे गठ्ठे स्वतः सोडवल्यावरच गेली. टॅबवरच्या गणिताच्या खेळांत मुलं लवकरच उत्तर न काढता पर्याय दाबत सुटतात. खेळ चूक पर्यायालाही टाळी वाजवत असेल तर हे आणखी लवकर होतं. असे खेळ काढून टाकले. लेखनही जसं होतं तसंच राहिलं. पहिलीच्या वर्गात ध्वनिमुद्रित गोष्टी सोडून दुसरं काही वापरू नये असं सरांचं मत पडलं आणि ते मान्य झालं.

मूग भिजवून अंकुराचे रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी फोटो काढून स्वतःचा चित्रपट करायचा बेत अर्धवट राहिला. फोन ठेवायची वीट रविवारी हलली आणि पुढचे सगळे फोटो भलत्याच कोनातून आले. पुढच्या वेळी विटेभोवती खडूऐवजी ऑइलपेंटची खूण करायची आहे.

बदली होण्याआधी

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक बदलून जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा फोन, त्याचं खातं, त्याच्या फाइली जातात. नव्या माणसाच्या हाती कुलूपबंद टॅब उरतात. म्हणून टॅबवरचं खातं शाळेच्या नावाचं काढलं आहे. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि पाकिटावर शेवटी कधी बदलला ती तारीख. फाइलींची प्रत दोन पेन ड्राइव्हवर, त्यातला एक केंद्रशाळेत. तिसरी वस्तू एक दोनशे पानी वही: घटक, फाइल क्रमांक, कुठून कुठंपर्यंत दाखवायचं, कुठं थांबायचं, मुलांनी काय विचारलं. नकाशाच्या पानावर 20 मीटरच्या दोराचं गणित लिहून ठेवलं आहे, आणि खाली नोंद: नवीन उपग्रह चित्र आलं का ते दर दिवाळीनंतर बघणे, विहीर दिसायला लागली असेल तर नवी प्रत छापणे.